जुन्या संगणकावर चित्रफितींचें संकलन

खिडकीखालीं किंवा कपाटाशेजारीं, कापडी झांकण घालून ठेवलेला जुना संगणक आज पुष्कळ घरांत आढळतो. दहा-बारा वर्षांपूर्वीं तो मोठ्या हौसेनें घेतलेला असतो. मुलांचे प्रकल्प, पत्रव्यवहार, दिवाळीचे फोटो हें सर्व त्यानें निमूटपणें सांभाळलेलें असतें. पुढें मोबाईल येतो आणि संगणकावर धूळ बसूं लागते. मग एके दिवशीं घरांतील कोणाला तरी चित्रफितींचें संकलन करण्याची इच्छा होते आणि प्रश्न उभा राहतो : हें यंत्र सुधारून घ्यावें, कीं मोडीत काढावें?

अशा एका घराचें उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. घर पुण्याचें. आजींना पंच्याऐंशी वर्षें पूर्ण झालेलीं. नातीनें सुटीच्या दिवसांत मोबाईलवर त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या : माहेरचा वाडा, जात्यावरील ओव्या, १९६१ च्या जुलै महिन्यांत पानशेतचें धरण फुटलें त्या दिवशींची धांवपळ. सर्व मिळून नऊ तासांचें चित्रण झालें. त्यांतून तासाभराचा सलग पट तयार करून तो आजींना आणि सर्व आप्तांना एकत्र बसवून दाखवावा, असा तिचा बेत. आजींची दृष्टि दिवसेंदिवस मंदावत चालली आहे. तेव्हां हें काम पुढच्या वर्षावर टाकण्याजोगें नाहीं. घरांतील संगणक २०१४ सालचा आणि खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपयांची.

नातीनें चित्रण संगणकावर घेऊन पाहिलें, तों चित्र अडखळूं लागलें. आजींचा आवाज पुढें जाई आणि ओंठ मागें राहत. दुकानदार म्हणाला, "बारा वर्षांचें यंत्र, यावर पैसे घालूं नका, नवें घ्या." शेजारच्या तरुणानें सांगितलें, "एक ग्राफिक्स कार्ड बसवा, म्हणजे सुसाट चालेल." दोघांचाही हेतु वाईट नव्हता, परंतु यंत्र उघडून दोघांनींही पाहिलें नव्हतें. चांगला वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा उगाळीत नाहीं. संगणकाच्या बाबतींत घरोघर नेमका याच्या उलट प्रकार होतो : मात्रा आधीं येते आणि रोगाचा शोध मागाहून लागतो.

नाडी पाहण्याचें साधन विंडोजच्या पोटांतच असतें. टास्क मॅनेजर उघडून ठेवावा, चित्रफीत चालूं करावी, आणि ती अडखळत असतां प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकीं कोणाचा आंकडा शंभराला टेकतो हें पाहावें. या संगणकांत इंटेलचा आय-५ ४५९० हा चार कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, आणि वेगळें ग्राफिक्स कार्ड मुळींच नाहीं. पाहतांच दिसून आलें कीं, प्रोसेसर पूर्ण गुंतलेला आहे व रॅम कांठोकांठ भरली आहे. डिस्कही सारखी चालूं होती; पण तें दुखणें रॅमच्या अपुरेपणांतून उद्भवलेलें होतें. रॅम संपली म्हणजे संगणक तींतील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हां परत आणतो. लहान ओट्यावर स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला एक भांडें ठेवण्यासाठीं दुसरें उचलून माजघरांत न्यावें लागतें, तसाच हा प्रकार.

प्रोसेसर एवढा कां दमतो, हें समजण्यास चित्रफीत कशी सांठवलेली असते तें पाहिलें पाहिजे. मोबाईलवरील फोर-के चित्रांत आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रांत सुमारे ८३ लक्ष ठिपके, आणि अशीं ३० चित्रें दर सेकंदास. प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्णपणें लिहून ठेवावयाचा म्हटलें, तर एका मिनिटास सुमारे ४५ जीबी जागा लागेल. प्रत्यक्षांत आयफोनवर तेवढेंच चित्रण एचईव्हीसी या पद्धतीनें सुमारे १७० एमबींत मावतें. अडीचशें पटींहून अधिक असलेला हा संकोच कसा साधतो?

तो साधतो वाण्याच्या वहीप्रमाणें. महिन्याच्या पहिल्या तारखेस वाणी संपूर्ण बाकी लिहितो. त्यापुढें रोज फक्त नेलेला माल मांडतो. चित्रफितींतही मधून मधून एक चित्र संपूर्ण असतें आणि इतर चित्रांत केवळ झालेले बदल नोंदलेले असतात. वही छोटी राहते खरी. पण विसाव्या तारखेची बाकी विचारली, कीं पहिल्या तारखेपासून बेरीज करावी लागते. चित्रफीत सरळ पाहतांना ही बेरीज ओघानें होत जाते. संकलन करणारा मात्र पुढें जातो, मागें येतो, मध्येंच थांबतो, दहा ठिकाणीं कापतो. प्रत्येक वेळीं यंत्राला मागच्या संपूर्ण चित्रापर्यंत जाऊन नवी बेरीज मांडावी लागते.

त्यांत एचईव्हीसीची बेरीज विशेष किचकट. ही पद्धति २०१३ मध्यें मान्य झाली. तिचें गणित सोडविण्याची संपूर्ण स्वतंत्र व्यवस्था इंटेलच्या प्रोसेसरांत २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आली. आपला ४५९० चौथ्या पिढीचा. जुन्या एच-२६४ पद्धतीसाठीं त्याच्या अंगीं खास यंत्रणा आहे. एचईव्हीसीसाठीं मात्र त्याला बहुतेक काम अंगमेहनतीनें करावें लागतें. म्हणून चित्र अडखळतें. श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी : मिनिटाला १७० एमबी म्हणजे सेकंदाला तीन एमबीसुद्धां नाहीं, आणि साधी हार्डडिस्क सलग वाचन असल्यास सेकंदाला शंभर एमबी सहज देते. तेव्हां नुसती महागडी डिस्क बसवून हें अडखळणें थांबणार नाहीं.

आतां उपाय. पहिला खर्च वेग वाढविण्यासाठीं करूंच नये. मोबाईलमध्यें जागा व्हावी म्हणून नातीनें मूळ चित्रण तेथून पुसून टाकलें होतें. आजींचे नऊ तास एका बारा वर्षांच्या हार्डडिस्कवर एकुलते एक उरले होते. डिस्क बंद पडण्यापूर्वीं सूचना देतेच असें नाहीं. म्हणून सर्वांआधीं बाहेरून जोडण्याची एक डिस्क आणून तीवर संपूर्ण प्रत काढावी, आणि ती प्रत संगणकापासून वेगळी, शक्य तर दुसऱ्या घरीं ठेवावी. फोर-केचे नऊ तास सुमारे ९२ जीबी भरतात. एवढ्यासाठीं फार मोठी डिस्क लागत नाहीं. रॅम वा कार्ड केव्हांही विकत मिळेल. पुसलें गेलेलें कथन पुनः तसेंच सांगितलें जाणार नाहीं.

दुसरा उपाय जवळजवळ फुकटाचा. वीज बंद करून, वायर काढून, कॅबिनेट उघडावें व पंख्यावरील धूळ मऊ ब्रशानें काढावी. आंतील भागांस हात लावण्यापूर्वीं कॅबिनेटच्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. एसएमपीएसची पेटी मात्र कधींही उघडूं नये. वीज बंद केल्यावरही तिच्या आंत धोकादायक दाब शिल्लक असूं शकतो. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. प्रोसेसर फार तापला म्हणजे आपला वेग आपणच कमी करतो. कित्येक "म्हाताऱ्या" संगणकांचें म्हातारपण या धुळींत असतें.

तिसरा उपायही बिनखर्चाचा आणि सर्वांत गुणकारी. शिंपी भारी कापडाला कात्री लावण्यापूर्वीं कागदावर बेततो. संकलनांतही मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती करून त्यांवर कापाकापी करतां येते; यांना प्रॉक्सी म्हणतात. फोर-के चित्राची ९६० गुणिले ५४० ठिपक्यांची प्रत केली, कीं ठिपके सोळाव्या हिश्शावर येतात. प्रतीची पद्धतिही बेरजेला सोपी अशी निवडतां येते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या दोन्ही विनामूल्य प्रणालींत ही सोय आहे. प्रती तयार होण्यास वेळ लागतो. तें काम रात्रीं लावून द्यावें. सकाळीं त्याच जुन्या प्रोसेसरवर चित्र मागें-पुढें सहज सरकूं लागतें. शेवटचा पट काढतांना प्रणाली स्वतःच मूळ चित्रणाकडे वळते, त्यामुळें चित्राच्या दर्जांत उणें येत नाहीं. यापुढील चित्रणासाठीं मोबाईलमध्येंच एच-२६४ व १,९२० गुणिले १,०८० हें प्रमाण निवडल्यास घरगुती पटाला तें पुरेसें होतें.

चौथा उपाय रॅम. एक ४ जीबीची पट्टी काढून ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या बसवाव्या. जोडीनें बसविल्यास प्रोसेसरशीं होणारी देवाणघेवाणही दुप्पट रुंद होते. या यंत्राला डीडीआर-३ जातीची, डेस्कटॉपची रॅम लागते. डीडीआर-४ ची पट्टी त्या खांचेंत बसतच नाहीं, आणि लॅपटॉपची पट्टी आंखूड असते. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव जगभर चढले. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लींत वापरलेल्या पट्ट्यांची चौकशी करणें शहाणपणाचें. वापरलेला माल घेतांना चार दिवसांच्या बदलीची हमी मागावी आणि घरीं येतांच मेमटेस्ट चालवून पट्टी तपासावी.

पांचवा उपाय एसएसडी. तिनें बेरजेचें गणित सुटत नसलें, तरी यंत्र सुरू होणें, प्रणाली उघडणें, शेंकडों तुकड्यांतून हवा तो काढणें, हीं कामें फार जलद होतात. कारण तींत फिरणारी तबकडी आणि सरकणारी सुई नाहीं. या पिढीच्या यंत्रास साधी साटा एसएसडी घ्यावी. कांहीं मदरबोर्डांवर दोन गतींच्या साटा खांचा असतात. त्यांपैकीं जलद, म्हणजे सहा गिगाबिटची खांच हिला द्यावी. जुनी हार्डडिस्क प्रॉक्सींसाठीं ठेवावी. त्या नष्ट झाल्या तरी पुनः तयार होतात.

आणि ग्राफिक्स कार्ड? तें सर्वांत शेवटीं, आणि पैसे उरल्यासच. २०१९ चें जीटीएक्स १६५० हें कार्ड ७५ वॉटवर चालतें आणि एचईव्हीसीचें गणित स्वतः सोडवतें. वापरलेलें मिळाल्यास अशा यंत्राला तें शोभतें. वीजतारेची निराळी जोडणी न लागणारें असेल तेंच घ्यावें. उलट, २०२२ चें आरएक्स ६४०० हें नवें म्हणून कोणी पुढें करील. परंतु तयार पट बांधून काढण्याची यंत्रणाच त्यांत ठेवलेली नाहीं. कचेऱ्यांतून विकले गेलेले लहान कॅबिनेटचे संगणक असल्यास कार्डाची उंची आणि एसएमपीएसची शक्ति आधीं मोजावी. स्वस्त, निनांवी एसएमपीएसवर भारी कार्ड चढविणें म्हणजे कच्च्या खांबावर माडी बांधणें होय.

एक प्रश्न उरतो तो विंडोजचा. विंडोज १० ला मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादींत इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक सर्व प्रोसेसर बसत नाहींत. अशा यंत्रावर लिनक्स घालावें. तें विनामूल्य आहे आणि केडेनलाइव्ह त्यावर उत्तम चालतें. ज्यांना विंडोज सोडावयाचेंच नाहीं, त्यांनीं संकलनाचें यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवावें व बँकेचे व्यवहार त्यावर करूं नयेत.

सुधारणा कोठें थांबवावी, हेंही ठरलें पाहिजे. मदरबोर्ड बदलावयाचा म्हटला, कीं प्रोसेसर व रॅमही बदलावी लागते. मग ती सुधारणा न राहतां जुन्या पेटींतील नवा संगणक होतो, आणि त्याचा हिशेब नव्या संगणकाच्या किंमतीशींच केला पाहिजे. ज्याला रोज चार पट संकलित करून उपजीविका करावयाची आहे, त्याच्या बाबतींत दुकानदाराचा सल्ला खरा ठरेल. ज्या घराला एक पट करावयाचा आहे, तेथें हिशेब निराळा.

त्या नातीचा बेत आतां असा ठरतो : आधीं प्रत, मग साफसफाई, मग प्रॉक्सी, मग रॅम, मग एसएसडी, आणि कार्ड उरल्या पैशांत बसलें तर बसलें. शेवटचा पट बांधून काढण्यास या यंत्राला कदाचित् सारी रात्र लागेल. लागूं द्यावी. रात्रभर चाललेल्या यंत्रापायीं कोणाचें कांहीं अडत नाहीं. परंतु पुढच्या वर्षीं स्वस्त होणाऱ्या संगणकाची वाट पाहत बसलें, तर तो पट पडद्यावर येईल तेव्हां आजींना तो केवळ ऐकूं येईल.