तेच पाच सूर, राग मात्र दोन

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेले भाषण)



आपल्या सोसायटीत संगीताच्या परीक्षेला बसणारी बरीच मुलं आहेत. भूपाचा वादी कोण, असं विचारा. झटकन उत्तर येतं, "वादी गंधार, संवादी धैवत." उत्तर बरोबर, मार्क पूर्ण. पण म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की गाडी अडते. आज तेवढ्यावरच बोलतो.

वादी-संवादी हे शब्द फार जुने, भरताच्या नाट्यशास्त्रातले. आजच्या अभ्यासक्रमात ते रुळवले पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी. हे आपल्या मुंबईचेच, १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेले, पेशाने वकील. ठिकठिकाणच्या गवयांकडून चिजा गोळा केल्या आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ चक्क मराठीत लिहिला, तोही गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून.

आता भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सूर पाचच : सा रे ग प ध. यादी ताडून पाहिली तर फरक शून्य! (इथे पेटीवर दोन्ही राग वाजवून दाखवण्यात आले.) ऐकलंत ना? भूपात ठाण गंधारावर, गाणं सप्तकाच्या खालच्या भागात रमतं. देशकारात ठाण धैवतावर आणि ओढ वरच्या षड्जाकडे. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलात, की देशकार दारात उभा. सीएसएमटीहून सुटलेली पनवेल गाडी आणि गोरेगाव गाडी आपल्या वडाळ्यापर्यंत एकाच मार्गाने येतात. पण आतल्या प्रवाशाला पहिल्यापासून ठाऊक असतं, आपली कुठे निघालीय. तसंच हे.

भातखंड्यांचा आडाखा असा, की वादी पूर्वांगात असेल तर राग दुपारी बारा ते रात्री बारामधला, उत्तरांगात असेल तर उरलेल्या बारा तासांतला. म्हणून भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी.

पण नियम सगळीकडे बसत नाही. वादी-संवादींत सा-प किंवा सा-म इतकं अंतर हवं. भूपाचे ग-ध त्यात बसतात. मारव्यात मात्र वादी कोमल रिषभ आणि संवादी शुद्ध धैवत. हिशेब जुळत नाही. बँकेत असतो तर व्हाउचर परत पाठवलं असतं! पण उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारव्याची ध्वनिमुद्रिका ऐका. षड्ज लांबवत लांबवत नेतात, तो लागेपर्यंत आपलाच जीव टांगणीला. तिथे मी पुस्तक मिटतो आणि कानाचं ऐकतो. पूरिया आणि सोहनीचे सूरही मारव्याचेच बरं का, पण पूरियाचा वादी गंधार, सोहनीचा धैवत. तिघांची तोंडवळ्याने गल्लत होत नाही.

शास्त्रात वादी राजा, संवादी प्रधान, अनुवादी सेवक आणि विवादी शत्रू. शत्रूचं मला पटत नाही. बिहागात तीव्र मध्यम पूर्वी विवादी म्हणून चोरून लागायचा. आज तो शेअर सर्टिफिकेटसकट सभासद झालाय.

मुलांनो, घरी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा. हेच पाच सूर म्हणताना एकदा गंधारावर थांबा, एकदा धैवतावर. फक्त रात्री दहाच्या आत, नाहीतर सेक्रेटरींकडे तक्रार जाईल.