नीडलला हात लावण्याआधी

ज्यांच्या कपड्यांचा एरंडेलाचा वास कितीही धुतला तरी जात नाही असे माझे समस्त मित्रहो,

अध्यक्षानं भविष्याविषयी बोलावं असा रिवाज आहे. मॉडेल विमानांचं भविष्य बॅटरीचं आहे, हे कुठल्याही मैदानावर गेलं की दिसतं. तेव्हा ते सोडून देतो. अजूनही ग्लो इंजिनाशी झटणाऱ्यांची जी कायमची तक्रार असते, इंजिन तापतं आणि हवेत दम सोडतं, तिच्याबद्दल बोलतो.

तापलेलं इंजिन बहुतेक वेळा उपाशी असतं. इंधनातलं मेथॅनॉल जळतं तसंच वाफ होताना भरपूर उष्णताही ओढून घेतं. शिवाय वंगणाचं तेल त्याच इंधनात मिसळलेलं, साधारण 20 टक्के. म्हणजे मिश्रण लीन झालं, त्यात इंधन कमी पडलं, की थंडावा आणि वंगण दोन्ही एकदम घटतात. त्यात ठिणगीची वेळ ठरवणारी यंत्रणा इथं नाहीच. प्लगची प्लॅटिनमची तार जास्त तापली की मिश्रण वेळेआधी पेटतं, आणि वेळेआधी पेटलं की इंजिन आणखी तापतं.

मिश्रण हवेवरही ठरतं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. तिथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. इंधनाचं प्रमाण ठरवणारी नीडल पुण्यात टॉपला, म्हणजे सर्वाधिक आरपीएमला, लावून तशीच मुंबईत आणली, की इंजिन लीन झालंच म्हणून समजा. पुण्यातल्या पुण्यातसुद्धा मे महिन्यातल्या दुपारची नीडल डिसेंबरच्या सकाळी दोन-तीन क्लिक उघडावी लागते.

आता माझी फजिती ऐका. एका रविवारी माझं फॉर्टी इंजिन जमिनीवर गोड वाजायचं आणि चार-पाच मिनिटांनी हवेत आवाज चढवून मरायचं. मी नीडल उघडत गेलो. मग ते सुरुवातीला घोगरं चालायचं, पण शेवटी मरायचंच. प्लग बदलला, कार्ब्युरेटर खोलला, उन्हाला शिव्या घातल्या. संध्याकाळी टाकी बाहेर काढली, तर आतल्या, इंधन ओढणाऱ्या क्लंकच्या नळीला वरच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढं भोक! टाकी भरलेली असेपर्यंत ते इंधनात बुडालेलं. पातळी उतरली की हवा ओढायला मोकळं. काही रुपयांच्या नळीसाठी मी दिवसभर इंजिनाची झडती घेत होतो.

तेव्हापासून मी मागून पुढे येतो. आधी टाकी आणि नळ्या. टाकीभोवती फोम हवा, नाहीतर थरथरीनं इंधनाला फेस येतो आणि बुडबुडे नीडलपर्यंत पोचतात. टाकीचा मध्य नीडलच्या पातळीत असावा. मग कार्ब्युरेटरखालची ओ-रिंग आणि बॅकप्लेटची गॅस्केट. तिथून हवा शिरत असेल तर नीडल कितीही फिरवा, आज एक बोलेल, उद्या दुसरं. काउलिंगला हवा आत घेण्याचं भोक सगळे हौसेनं मोठं करतात. बाहेर जाण्याची वाट त्याहून मोठी हवी, हे फार थोडे पाहतात.

एवढं झालं की नीडल. फुल थ्रॉटलला टॉप गाठा, तिथून दोन-तीनशे आरपीएम खाली येईपर्यंत उघडा. मग मदतनिसाला विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करायला सांगा. आवाज किंचित चढला तर ठीक. बसला तर अजून उघडा. धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे. टॉपवरच उडवण्याचा हट्ट करणाऱ्या तरुण मित्रांशी मी वाद घालत नाही, त्यांचा पिस्टन घालतो.

चहानंतर आपण मैदानावर जमणार आहोत. ज्यांची इंजिनं तापतात त्यांनी ती जरूर आणावीत. मात्र टाकी विमानातून आधीच काढून ठेवा.