शिवारातील जीवसृष्टी आणि भूगोलाचा पाठ
(शेगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हवामान आणि जीवसृष्टी यांचा संबंध शिकविताना वाळवंटातील उंट व ध्रुवप्रदेशातील पांढरे अस्वल ही उदाहरणे इतकी रूढ झाली आहेत की, हा विषय म्हणजे दूरदेशीची नवलकथा होय, असा विद्यार्थ्याचा ग्रह होतो. आपल्या बांधावर हिवर का उभा आहे आणि साग का नाही, हा प्रश्न त्याला सुचत नाही. वास्तविक बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगला, तर या विषयाची बहुतेक सर्व तत्त्वे त्या एका नकाशावरून समजाविता येतात.

शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यात, वऱ्हाडच्या पयनघाटात वसलेले आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आणि मध्ये नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाचे सपाट मैदान, अशी ही रचना आहे. मैदानातील काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या भेगांनी कोवळी मुळे तुटतात. सागाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. मुळांशी पाणी साचलेले त्याला मानवत नाही. म्हणून सातपुड्याच्या उतारावर वाढणारा साग मैदानात आपोआप उगवून वन करीत नाही. तेथे बाभूळ, हिवर, बोर आणि निंब यांचे राज्य असते. खोऱ्याच्या मोठ्या भागात भूगर्भातील पाणी खारे आहे. त्यालाच खारपाणपट्टा म्हणतात. अशा ठिकाणी कोणते झाड जगेल, हे पावसाइतकेच पाण्याच्या गुणावरही ठरते.

मैदान सोडून डोंगर चढू लागले की देखावा पालटतो. खडकाळ, कोरड्या उतारावर सालई व धावडा दिसतात; नाल्याच्या सावलीत जांभूळ आणि अर्जुन आढळतात. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास हवा थंड व पाऊस अधिक; तेथे कॉफीची लागवड होते. शेगावच्या उन्हात ती टिकणार नाही. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८०२ साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वत चढताना हेच तत्त्व पाहिले. जसजसे वर जावे तसतसे वनस्पतींचे पट्टे बदलत जातात, हे त्याने चित्र काढून जगापुढे मांडले. वऱ्हाडातील विद्यार्थ्याला त्यासाठी चिंबोराझोपर्यंत जाण्याचे कारण नाही.

प्राण्यांचेही असेच आहे. रोही आणि काळवीट यांना मोकळे रान मानवते. सांबर व रानगवा यांना डोंगरातील झाडीचा आसरा हवा असतो. एकाच जिल्ह्यात त्यांच्या वस्त्या वेगळ्या पडतात, त्या यामुळेच.

भूरचना काही जीवांना अडविते, तर काहींना वाट करून देते. अजिंठ्याच्या रांगेच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी पूर्णेत, तेथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. त्याच रांगेच्या दक्षिणेस याच जिल्ह्यात उगम पावणाऱ्या पैनगंगेचे पाणी गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते. माणूस ही रांग काही तासांत ओलांडतो. परंतु नदीतील माशाला ती भिंतच होय. पक्ष्याला मात्र ती जाणवतही नाही. एकच डोंगर एकाला कोट आणि दुसऱ्याला उंबरठा ठरतो, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावयास हवे.

सातपुड्याविषयी तर एक मोठा शास्त्रीय वाद आहे. पूर्व हिमालयाकडील आणि सह्याद्रीतील काही मासे परस्परांशी जवळचे दिसतात. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात त्यांचे नातलग आढळत नाहीत. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४० नंतरच्या दशकात असे अनुमान मांडले की, पूर्वी हवामान अधिक ओले असताना सातपुड्याच्या रांगेनेच हे जीव पुलावरून जावे तसे पश्चिमेकडे आले. हे अनुमान सर्वमान्य झालेले नाही. तरीही त्याने एक विचार दिला की, आजच्या जीवांच्या वस्तीत कालच्या हवामानाचा इतिहास दडलेला असतो. शेकरू हा मोठा खारीचा प्रकार पचमढीच्या वनात आहे आणि भीमाशंकरच्या वनातही आहे. मधल्या उघड्या मैदानात तो नाही. झाडावरून झाडावर उडी मारीत जगणाऱ्या प्राण्याला झाडी तुटली की रस्ताच तुटतो.

सातपुड्यातील रानपिंगळ्याची कथा अशीच उद्बोधक आहे. या लहान घुबडाचे वर्णन १८७३ साली प्रसिद्ध झाले. १८८४ नंतर मात्र तो कोणास खात्रीलायक दिसला नाही आणि नामशेष झाला असे मानले गेले. १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. त्याचे घर शिल्लक होते, म्हणून तो शिल्लक राहिला.

जिल्ह्याच्या दक्षिणेस लोणारचे सरोवर आहे. तेथील पाणी खारे व अल्कधर्मी असल्याने सामान्य गोड्या पाण्यातील वनस्पती त्यात सहसा तग धरीत नाहीत. तेथे सूक्ष्म शेवाळ व मीठ सोसणारे सूक्ष्मजीव माजतात. जून २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा अशाच सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले होते. काठावर मात्र गोड्या पाण्याची धार वाहते आणि तिच्या आधाराने निराळीच सृष्टी नांदते. थोड्याशा अंतरात दोन जगे!

काही जीव ऋतूप्रमाणे घर बदलतात. पावसाळा सरता सरता मध्य आशियाकडून भोरड्यांचे थवे येतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी परततात. ज्वारीच्या राखणदाराला त्यांची ओळख पुस्तकावाचून असते. काही जीव मात्र माणसाच्या सामानाबरोबर येतात. अमेरिका खंडातील गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली. आज ते प्रत्येक गावाच्या उकिरड्याशी आहे. त्याला येथील उष्ण हवा मानवली, आणि मूळ देशात त्याला खाणारे किडे येथे नव्हते. म्हणून मेक्सिकोतील एक भुंगेरा मुद्दाम आणून १९८४ साली बंगळूरजवळ सोडावा लागला. समुद्र हा गवताला अडविणारा मोठा कोट होता. माणसाने त्याला दरवाजा पाडला.

उलट, जेथे वाट असावयास हवी तेथे माणूस भिंत घालतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली घर शोधीत निघाला. शेते, ओढे व रस्ते ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून तो त्या वर्षाच्या डिसेंबरात बुलढाण्याजवळील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथे भक्ष्य होते, पाणी होते. परंतु वाघीण नव्हती. २०२१ साली तो गौताळा अभयारण्यात दिसला. सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे ज्ञानगंगेचे वन एका वाघाला पाहुणचार देऊ शकते. वंश चालवावयाचा तर वनावनांना जोडणारी झाडी हवी. हवामान तापत चालले आहे, तेव्हा तर ही गरज अधिकच आहे. थंडाव्यासाठी जीव डोंगर चढतील. पण माथ्याच्या वर जागा नाही, आणि दुसऱ्या डोंगराकडे जावयाचे तर मधली वाट मोकळी हवी. ही वाट अखेर गावच्या नाल्याकाठची झुडपे, गायरान आणि बांधावरची झाडे यांचीच बनलेली असते. ती राखावी की तोडावी, याचा निर्णय आज वर्गात बसलेली मुलेच उद्या करणार आहेत.

यासाठी खर्चाच्या साधनांची जरुरी नाही. प्रत्येक शाळेने एक वही घालावी. तीत शिवारातील झाडांची स्थानिक नावे व ती कोठे वाढतात, म्हणजे काळ्या मातीत, मुरमाड जागी की नाल्याकाठी, हे मुलांनी लिहावे. पळस केव्हा फुलला, भोरड्या केव्हा आल्या व केव्हा गेल्या, याच्या तारखा नोंदवाव्यात. ज्वारी कमी होऊन सोयाबीन वाढल्यावर पाखरांत काय फरक पडला, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. एका वर्षाची वही म्हणजे गृहपाठ होय. दहा वर्षांच्या वह्या म्हणजे त्या गावाच्या निसर्गाचा दस्तऐवज होय. शिक्षकाची बदली झाली तरी ती वही शाळेतच राहावी व नव्या शिक्षकाने ती पुढे चालवावी. भूगोलाचा पाठ तेव्हा पुस्तकातून शिवारात उतरेल, आणि बांधावरचा हिवर मुलाला परका वाटणार नाही.