कॉम्प्युटर म्हणतो आहे, पण रॅकवर नाही!

आज लायब्ररीतल्या माणसांबद्दल बोलूया.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आपल्याकडची कॉलेजं १९८३ मध्ये सुरू झालेल्या अमरावती विद्यापीठाची, आताचं संत गाडगे बाबा विद्यापीठ. बीटेकला असताना आमच्या लायब्ररीत एक परिचर काका होते. पुस्तकाचं नाव अर्धवट सांगितलं, तरी ते बरोबर त्या कपाटापाशी न्यायचे.

काका नुकतेच रिटायर झाले. त्यांची जागा अजून रिकामीच. परवा एका ज्युनियरचा फोन आला, "दादा, कॉम्प्युटर पुस्तक आहे म्हणतो, पण सापडत नाही."

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो. बारकोड स्कॅन केला की पुस्तक कुणाच्या नावावर आहे, ते कळतं. पण ते चुकून दुसऱ्याच रॅकवर गेलंय, हे त्याला कसं कळणार? परत आलेली पुस्तकं रोज जागेवर लावायला माणूसच लागतो.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. चौथा नियम : वाचकाचा वेळ वाचवा. त्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन पाळतो. काकांनी चार वर्षं माझा वेळ वाचवला, आणि मी साधं थँक्यूही म्हटलं नव्हतं.

रविवारी फोन केला. मी नाव सांगायच्या आत काका म्हणाले, "बोल बाबू, कोनतं पुस्तक पायजे?"

तुमच्या लायब्ररीत असे कोण आहेत? ते रिटायर व्हायच्या आधी भेटून या. चला, पुढच्या भागात बोलू!