स्वागताध्यक्षांचे भाषण
फुलपिकांवरील विषाणू : ओळख आणि वर्गीकरण परिषद, तळेगाव दाभाडे



तळेगावकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत! हे गाव सरसेनापती दाभाड्यांचे, सेनापतिपदाची धुरा वाहणाऱ्या उमाबाईसाहेबांचे. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय इथेच होते; इंग्रज सरकारने १९१० मध्ये ते बंद पाडले.

पण आज आवर्जून स्मरण करायचे ते अंताजी दामोदर काळे यांचे. देशी उद्योगासाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, ही त्यांची कल्पना. गावोगाव हिंडून त्यांनी पैसा पैसा जमवला, लोकमान्यांनी पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये इथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तरुणांना काचकाम शिकवले. इथे तयार झालेल्या कारागिरांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने चालवले. आपल्या प्रयोगशाळेतली काचेची नळी पाहिली की तळेगावकराला अंताजीपंत आठवतात.

आज तळेगावच्या आसपासच्या याच मावळातल्या पॉलिहाउसांतून गुलाब परदेशी जातो. शेवंतीच्या काश्या, ग्लॅडिओलसचे कंद, कार्नेशनची छाटकलमे यांतून विषाणूही एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. मावा आणि फुलकिडे त्याला आणखी पसरवतात. पाने पिवळी पडली की अन्नद्रव्य कमी पडले किंवा बुरशी लागली असे वाटते, बुरशीनाशक फवारले जाते आणि पैसा वाया जातो. एकदा लागण झालेले झाड शेतात औषधाने बरे होत नाही. काकडी मोझॅक विषाणू आहे की घेवड्याचा पिवळा मोझॅक, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी एलायझा, पीसीआर या प्रयोगशाळेतील चाचण्या आणि आपले ज्ञान हवे.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. निवासाच्या खोल्या विखुरलेल्या आहेत, पावसामुळे मंडप दोनदा हलवावा लागला, महामार्गावरील कोंडीने काहींना उशीर झाला. कुणाची गैरसोय झाली असल्यास उदार मनाने क्षमा करावी. सभागृह देणारी शिक्षणसंस्था, भोजनखर्च उचलणारे व्यापारी बंधू, घरची खोली पाहुण्यांना देणारी कुटुंबे, व्यासपीठासाठी फुले पाठवणारे शेतकरी, रात्रभर राबलेले विद्यार्थी आणि नगरपरिषदेचे सफाई कर्मचारी या सर्वांचा मी ऋणी आहे. लहान देणगीदारांची नावेही फलकावर लिहिली आहेत, कारण या गावात एका पैशाचेही मोल जाणतात.

शास्त्रज्ञहो, एकच मागणे. परिषद संपण्यापूर्वी रोगट कंद आणि कलमे कशी ओळखावीत, नमुना तपासणीला कसा पाठवावा, हे सोप्या मराठीत एका पानावर लिहून द्या. ते मावळातल्या प्रत्येक फूल उत्पादकापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी स्वागत समिती घेते.

जय महाराष्ट्र!