दारातला ट्रक आणि छतावरचे ऊन

छतावर सौर पॅनेल बसविली की वीज गेली तरी घर उजळलेले राहील, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. महावितरणचा पुरवठा खंडित होताच ग्रीडशी जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाला आपल्या छतावरील विजेने धोका होऊ नये, म्हणून. भर दुपारी ऊन छतावर आणि पंखे बंद! घर ग्रीडपासून विलग करून बॅटरीचा आधार दिला, तरच ती वीज उपयोगी पडते.

ही बॅटरी वाहनातलीच असली तर? फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात अमेरिकेतील टेक्सासमध्ये लक्षावधी घरे विजेविना गारठली. त्याच वर्षी मे महिन्यात फोर्डने ‘एफ-१५० लाइटनिंग’ हा विजेवर चालणारा पिकअप ट्रक जाहीर केला. त्याच्या मोठ्या बॅटरीत सुमारे १३१ युनिट वीज मावे आणि ती ९.६ किलोवॉटपर्यंत घराला देता येई. तेथील सर्वसाधारण घराला दिवसाकाठी तीसेक युनिट लागतात; म्हणजे तीन-चार दिवसांची बेगमी दारात उभी. मात्र त्यासाठी घरात वेगळा स्विच आणि इन्व्हर्टर बसवावा लागे, आणि तो खर्च लहान नव्हता. शिवाय ऊन असते तेव्हा ट्रक बहुधा मालकासह कामावर गेलेला असतो, ही गंमत निराळीच.

२०२४ पासून सूर्यघर योजनेतून आपल्याकडेही छते सजू लागली आहेत. पैसे देण्यापूर्वी कंत्राटदाराला एवढे अवश्य विचारा : वीज गेल्यावर आमचे कोणते दिवे चालू राहतील?