रोप उपटायचं नाही, उचलायचं

बायांनो, कामं आटोपून रेडिओजवळ बसलात का? आटोपली नसतील तर भाकरी थापता थापता ऐका, भाजी निवडता निवडता ऐका.

दिवाळी झाली. आपल्या भागातल्या टोळ्या कारखान्यांकडं गेल्या. वस्तीवर राहिली म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. माझ्या घरीही तेच आहे. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेत, नात आणि नातू माझ्यापाशी आहेत. नात ८ वर्षांची, तिसरीत. नातू ५ वर्षांचा, अंगणवाडीत. या दोघांना घेऊन डब्यांत भाजीची रोपं कशी लावायची, ते आज सांगणार आहे. मी काही शिकलेली कृषी अधिकारी नाही. गेल्या वर्षी चुकले आणि त्यातून जे कळलं, तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी आईबाप गेले तेव्हा नात आठवडाभर गप्प होती. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायची. लेकराच्या हाताला काहीतरी काम पाहिजे, म्हणून मी गटातल्या एकीकडून टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं थोडं थोडं बी आणलं. आमच्याकडं परस नाही. दारापुढं दहा पावलांची जागा, तीही फरशीची. म्हणून डबे घेतले.

आधी एका फुटक्या घमेल्यात रोप टाकलं. दोन वाटे चाळलेली माती, एक वाटा मुरलेलं शेणखत, एक वाटा वाळू. अर्ध्या पेराएवढ्या खोल रेघा ओढल्या. नातीनं एकेक बी टाकलं, नातवानं वरून बारीक माती भुरभुरवली. ओलं पोतं झाकलं आणि कोंब दिसताच काढून घेतलं. टोमॅटो आठवड्यात उगवला, वांगी दोन दिवस मागून, मिरची सगळ्यात उशिरा. नात रोज शाळेत जायच्या आधी रोपं मोजायची. रविवारी बापाचा फोन आला की पहिला आकडा तोच. “पप्पा, आज २१ झाली.”

महिन्याभरात टोमॅटोची रोपं वीतभर झाली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि मला कापूस वेचायला जायचं होतं. मी नातीला म्हणाले, चल, पटकन लावून टाकू. भर दुपारी बाराला, कोरड्या मातीतून, शेंड्याला धरून मी रोपं ओढली. तिलाही तसंच दाखवलं. मुळ्या तुटल्या, आम्ही बघितलंही नाही. पाच डब्यांत नऊ रोपं दाटीनं खोचली. संध्याकाळी कापूस वेचून आले तर सगळ्या रोपांनी मान टाकलेली. दोन दिवसांत नऊच्या नऊ वाळून गेली.

त्या रात्री नात जेवायला उठेना. पाठ फिरवून पडली होती. मग हळूच म्हणाली, “आजी, मी त्यांना त्यांच्या जागेवरनं काढलं म्हणून मेली का?”

बायांनो, मी काय बोलणार? चूक माझी, आणि लेकरू ती आपल्या अंगावर घेत होतं. तिला जवळ घेतलं आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, “जागेवरनं काढलं म्हणून नाही मेली. माझ्या घाईनं मेली. घमेल्यात अजून रोपं आहेत. ती आपण नीट लावू.” लेकरांपुढं आपली चूक कबूल करणं आपल्याला जड जातं. पण तेव्हा मी गप्प बसले असते, तर तिनं पुन्हा रोपाला हात लावला नसता.

आमच्या गटातली एक बाई वर्षानुवर्षं मिरचीचं रोप करून बाजारात विकते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याकडं गेलो. तिनं सांगितलं ते आता नीट ऐका.

पहिली गोष्ट, कुठलं रोप लावायचं आणि कुठलं नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी ही रोपं एका जागेवरून दुसऱ्या जागी लावता येतात. मुळा, गाजर, भेंडी, गवार, मेथी, कोथिंबीर यांचं बी जागेवरच टाकायचं. मुळा-गाजराचं मूळ हलवलं की ते वाकडं होतं, फाटे फुटतात.

दुसरी गोष्ट, रोप तयार झालं कसं ओळखायचं? वीतभर उंची, चार ते सहा खरी पानं आणि दांडा मजबूत. टोमॅटोला ४ ते ५ आठवडे लागतात, वांगी-मिरचीला ५ ते ६. थंडीत थोडं जास्त. लावायच्या आधी ४-५ दिवस पाणी कमी करायचं आणि घमेलं रोज जास्त जास्त वेळ उन्हात ठेवायचं. त्यानं रोप कणखर होतं.

तिसरी गोष्ट, डबे. तेलाचा १५ किलोचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची गोणी उलटी करून झटकून धुतलेली, काहीही चालेल. टोमॅटो-वांग्याला फूटभर तरी खोली पाहिजे आणि एका डब्यात एकच रोप. बुडाला ५-६ भोकं पाडायची, त्यावर विटांचे तुकडे टाकायचे. भोक पाडायचं काम आपण करायचं, पत्र्याची धार वाईट असते. आणि एक कडक सूचना. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी भाजीला वापरायचा नाही. लेकरांच्या हाताशी तो ठेवायचाच नाही.

आता रोप लावायची वेळ. उन्हं कलल्यावर, चार-साडेचारनंतर. म्हणजे रोपाला सगळी रात्र मिळते. तासभर आधी घमेल्याला पाणी घालायचं. माती ओली असली की ती मुळांना धरून राहते. मग जुना चमचा किंवा उलथनं खाली घालून रोप मातीच्या गोळ्यासकट उचलायचं. ओढायचं नाही, उपटायचं नाही, उचलायचं. हातात धरायचं ते पानाला, दांड्याला नाही. पान चुरगळलं तर दुसरं येईल. दांडा चेपला तर रोप गेलं. लेकरांची बोटं बारीक असतात, पण धरतात घट्ट. म्हणून एवढी एक गोष्ट आधी दाखवायची आणि मग त्यांच्या हातात द्यायची.

टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत मातीत पुरलं तरी चालतं, दांड्याला नवी मुळं फुटतात. वांगी-मिरची मात्र घमेल्यात जेवढी खोल होती तेवढीच खोल लावायची. भोवती माती हलकी दाबायची आणि तांब्याभर पाणी बुडाशी हळू सोडायचं.

आता मिश्रीचं बोलते, राग मानू नका. मिश्री लावून किंवा तंबाखू मळून, हात न धुता टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावू नका. तंबाखूतला एक विषाणू आपल्या हातानं रोपांवर जातो. पानं ठिपकेदार होतात, वाकडी होतात आणि त्याला औषध नाही. मी स्वतः मिश्री लावायची. नातीनंच नियम केला. आधी साबण, मग रोप. काम झाल्यावर लेकरांचे हातही साबणानं धुवायचे, नखं काढलेली ठेवायची. मातीतून जंत पोटात जातात. शाळेत आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला गोळी देतात, ती चुकवू नका.

लेकरांची कामं वाटून द्या. माझा नातू डब्यात माती भरतो आणि छोट्या गडूनं पाणी घालतो. नात खड्डा करते, रोप उचलते आणि खापरावर खडूनं तारीख लिहिते. आपण शेजारी बसायचं. हात आवरून बसणं हेच आपलं अवघड काम. रोप थोडं तिरकं लागलं तर लागू द्या. तिरकं रोपही वाढतं. आपण ते पुन्हा काढून सरळ करायला गेलो, तर रोपही दुखावतं आणि लेकरूही.

शेवटची गोष्ट, पहिले तीन-चार दिवस. डबे सावलीत सरकवा किंवा लिंबाची फांदी खोचून आडोसा करा. दुपारी रोप मान टाकेल. घाबरून तांब्यावर तांब्या ओतू नका. आधी बोट पेरभर मातीत घाला. ओल लागली तर थांबा. मुळं अजून धरलेली नसतात, जास्त पाण्यानं कुजतात.

आमचंही तसंच झालं. दुसऱ्या खेपेला पाच डब्यांत पाच रोपं लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही रोपं लवंडलेली. नातीचे डोळे भरले. मी म्हटलं, “दिवस मावळेपर्यंत थांब.” मलाही धीर नव्हता, पण बोलून गेले. दिवे लागायच्या वेळेला ती मला चुलीपुढून ओढत घेऊन गेली. पाचही रोपं उभी होती. पाचव्या दिवशी शेंड्याला नवं पान दिसलं. रोपानं जीव धरला, तो असा दिसतो. पुढं एक रोप कोंबडीनं उकरलं, चार राहिली. वांगी आणि मिरची नंतर गोण्यांत लावली.

पाणी म्हणाल तर थंडीत डब्याला रोज तांब्याभर पुरतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तेच चालतं. मावा पडला तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी शिंपडायची.

चार-पाच डब्यांनी बाजार बंद होत नाही, ते खोटं मी सांगणार नाही. पण होळीच्या आधी पहिला टोमॅटो पिकला आणि तो नातीनं चिरून सगळ्यांच्या ताटात एकेक फोड वाढली. पाडव्यानंतर आईबाप आले तेव्हा टोमॅटो सरत आले होते, वांग्याला मात्र वांगी होती. नातीनं चार तोडून आईच्या पदरात टाकली. सून काही बोलली नाही. पदर तसाच धरून बसून राहिली. यंदा जायच्या आदल्या दिवशी मायलेकींनीच मिळून घमेल्यात रोप टाकलं. कालच्या फोनवर आईनंच विचारलं, “किती उगवली गं?”

तर बायांनो, येत्या गटाच्या बैठकीत एवढं करा. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये दोन-तीनशे बिया असतात, एका घराला त्या फार होतात. एक पुडी दहाजणींत वाटा. एकीनं टोमॅटोचं रोप टाका, दुसरीनं वांग्याचं, तिसरीनं मिरचीचं. महिन्यानं रोपांची अदलाबदल करा. आणि ज्या घरची लेकरं आजी-आजोबांपाशी राहिलीत, त्या घरी पहिली रोपं द्या. त्या लेकरांना सकाळी उठून बघायला काहीतरी आपलं असू द्या.

माझं बोलणं इथं थांबवते. रोप लावताना माझी चूक आठवा आणि संध्याकाळपर्यंत थांबा. नमस्कार.